चर्मण्वतीच्या काठी

ग्वाल्हेरला पाहुणे आले, की त्यांना काय दाखवावे हे ठरलेले असते. किल्ला, गुजरी महाल, तानसेनाची समाधी, जयविलास महाल, आणि संध्याकाळी बाड्यावर एक फेरी. इतके झाले, की यजमान व पाहुणे दोघेही कृतार्थ होतात. या नगरीचे एक दालन मात्र सहसा न उघडलेलेच राहते. ते म्हणजे तिचे पाणी, आणि त्या पाण्यात राहणारे मूक जीव. त्या दालनाकडे वाचकांना घेऊन जावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ फूलबागेपासून करू. झाशीच्या राणीच्या समाधीपुढे नतमस्तक झाल्याशिवाय मराठी मनुष्य येथून पुढे जात नाही. जून 1858 मध्ये राणीचा घोडा ज्या ओढ्यापाशी अडला असे सांगतात, तीच ही स्वर्णरेखा. नाव सोन्याचे, परंतु आज शहरातून वाहते ते सांडपाणी. नदीचा नाला झाला, की तिची कीर्ती इतिहासात उरते आणि मासे कोठेच उरत नाहीत.

शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर सांक नदीवर तिघऱ्याचे धरण आहे. लष्करातल्या कित्येक पिढ्यांची तहान त्याने भागविली. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत ते बांधले गेले, आणि सर विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळच्या खडकवासल्यास प्रथम बसविलेले स्वयंचलित दरवाजे येथेही बसविण्यात आले. ऑगस्ट 1917 मध्ये पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरून हे धरण फुटले आणि मोठा अनर्थ झाला. पुढे ते पुन्हा बांधले गेले. पाणी अडविणे ही केवळ भिंतीची गोष्ट नव्हे, हा धडा ग्वाल्हेरला असा फार लवकर मिळाला.

आता उत्तरेची वाट धरू. मुरैना मागे टाकून धौलपूरच्या दिशेने गेले, की ग्वाल्हेरपासून सुमारे 60 किलोमीटरवर राजघाटाशी चंबळेचे विशाल पात्र समोर येते. दोहो बाजूंस मातीच्या घळींचे अरण्य, ज्याला इकडे बीहड म्हणतात. आणि मधोमध हिवाळ्यातले निळे, नितळ पाणी. प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही, की ही मैदानी मुलखातली नदी आहे.

हीच प्राचीन चर्मण्वती. रंतिदेवाच्या यज्ञातील पशूंच्या चर्मांपासून ती उगम पावली अशी कथा आहे, आणि कालिदासाच्या मेघालाही तिच्यावर वाकून पाणी घ्यावे लागते. द्रौपदीने तिला शाप दिला असेही लोक सांगतात. त्यामुळे गंगा-यमुनेसारखी तीर्थक्षेत्रे हिच्या काठी दाटली नाहीत. पुढे दरोडेखोरांच्या भयाने वस्तीही विरळ राहिली. लोकांनी जिला अपवित्र मानले ती नदी स्वच्छ राहिली, आणि जिला माता म्हणून पूजले तिची काय दशा झाली हे आग्र्याला यमुनाकाठी उभे राहून पाहावे!

या स्वच्छतेचे खरे साक्षीदार म्हणजे सुसरी. नराच्या लांब, अरुंद मुस्कटाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा असतो, म्हणून इकडे त्यांना घडियाल म्हणतात. सुसर मगरीसारखी गुराढोरांवर झडप घालीत नाही. तिचा आहार जवळजवळ सर्वस्वी मासळीचा. तेव्हा सुसर जगली तर मासे जगले, आणि मासे जगले तर नदी जगली, असा हा सरळ हिशेब आहे. 1970 नंतरच्या दशकात जगातील सुसरींची संख्या दोनशेच्या आसपास आली होती. 1975 मध्ये देशात मगर-संवर्धनाची योजना सुरू झाली. 1978 व 1979 मध्ये तीन राज्यांनी मिळून चंबळ अभयारण्य घोषित केले. मुरैन्याजवळ देवरी येथील केंद्रात वाळूतून आणलेली अंडी उबवितात, पिलांना काही वर्षे वाढवितात आणि नदीत सोडतात. आज जगातील बहुसंख्य सुसरी या एका नदीत आहेत. 1964 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या जिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील प्राध्यापक आर. जे. राव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या नदीतील सुसरी, कासवे आणि इतर जलचर यांचा दीर्घकाळ अभ्यास केला, हे आम्हा ग्वाल्हेरकरांस भूषणावह आहे.

तथापि हे चित्र जितके सुंदर तितकेच नाजूक आहे. 2007 च्या डिसेंबरापासून 2008 च्या मार्चपर्यंत भिंड–इटाव्याकडील खालच्या पात्रात शंभराहून अधिक सुसरी मरून पडल्या. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली. शरीरात संधिवातात साचतात तसे क्षार साचले होते. संशय वळला तो माशांकडे. यमुनेच्या मलिन पाण्यातील मासे चंबळेत चढतात; त्यांच्यावाटे विष आले असावे, असा अनेक शास्त्रज्ञांचा कयास होता. विषाचे नाव निश्चित झाले नाही, परंतु तात्पर्य स्पष्ट आहे: एका नदीत केलेले पाप दुसऱ्या नदीत फेडावे लागते.

वरच्या अंगाला धरणे आहेत. गांधीसागर व कोटा बंधारा 1960 मध्ये उभे राहिले, त्यानंतर राणाप्रताप सागर व जवाहर सागर. शेतीला पाणी आणि गावांना वीज मिळाली, हे उपकार कोण नाकारील? पण उन्हाळ्यात कोट्याखाली जे पाणी दिसते ते मुख्यतः काली सिंध, पार्वती या उपनद्यांचे. महाशीरसारख्या माशाला वाहते, प्राणवायुयुक्त पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. अंडी घालण्यासाठी तो प्रवाहाविरुद्ध चढतो. वाटेत भिंत आली, की त्याचा वंशच अडतो. भरीस वाळूचा उपसा. ज्या वाळूत सुसरी व कासवे अंडी घालतात तीच ट्रॅक्टरांत भरून जाते. हा व्यापार किती निर्ढावलेला आहे हे मार्च 2012 मध्ये दिसले. दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अडवू पाहणारे तरुण पोलीस अधिकारी नरेंद्र कुमार यांना मुरैना जिल्ह्यात त्याच ट्रॅक्टरखाली प्राण गमवावे लागले.

धरणांनी अडविलेल्या माशाचे दुःख ओळखून त्यावर आयुष्य वेचणारा एक मराठी शास्त्रज्ञ होऊन गेला. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषविलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे नाव आपल्या घरांत फारसे ठाऊक नाही. 1839 मध्ये सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीराचे प्रथम वर्णन केले. त्याच जातीचे कृत्रिम प्रजनन डॉ. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास लोणावळ्यास, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर, साध्य केले. मादीची अंडी हलक्या हाताने काढून त्यांवर नराचे रेत मिसळायचे, आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवायची, अशी ती पद्धत. लोणावळ्याहून लक्षावधी बोटुकली देशभर गेली. जे धरण माशाची वाट अडविते त्याच धरणाच्या काठी त्याचा पाळणा हलला.

कथा येथे संपती तर फार गोड झाली असती. परंतु लोणावळ्याच्या जातीची बोटुकली कावेरीतही सोडण्यात आली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महाशीर त्यानंतर झपाट्याने मागे हटत गेला. 2018 मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पटली तेव्हा तो नामशेष होण्याच्या कड्यावर होता. हेतू निर्मळ, यत्न प्रामाणिक, तरीही नदीची घडी विस्कटली. डॉ. कुलकर्णी यांच्या कार्याचे मोल याने कमी होत नाही. मात्र प्रत्येक नदीचा संसार वेगळा असतो आणि एकीची लेकरे दुसरीच्या ओटीत घालता येत नाहीत, हे ज्ञान त्यातून मिळाले. आपल्या मध्य प्रदेशाने 2011 मध्ये महाशीराला राज्यमत्स्याचा मान दिला. मान दिला, आता वाट द्यावयास हवी.

हे सारे ग्वाल्हेरकरांनी का जाणावे? कारण तिघरा अपुरा पडू लागला आहे आणि चंबळेचे पाणी शहरापर्यंत आणण्याची योजना आखली गेली आहे. ज्या नदीकडे आपण आजवर पुलावरून पाहिले तिचे पाणी उद्या आपल्या माठात येईल. माणसाची तहान मोठी आहे आणि तिला नकार देता येत नाही. पण त्या माठातला प्रत्येक पेला सुसरीच्या व महाशीराच्या वाट्यातून येणार, एवढे भान राहिले तरी नळ उघडा टाकणारा हात आखडेल.

नोव्हेंबर ते मार्च हा येथे येण्याचा उत्तम काळ. सकाळच्या उन्हात सुसरी वाळूवर पहुडतात, आणि नशीब असेल तर गंगेतील सूंस क्षणभर पाठ दाखवून जातो. मुलांना अवश्य आणावे. किल्ल्यावर त्यांना पूर्वजांचा पराक्रम दिसेल; आपण वंशजांसाठी काय राखले, हे मात्र त्यांना चंबळेच्या काठीच दिसेल.