शंभर टक्क्यांवर बघ

चि. चिनूस,


तुझी मेल वाचली, सोबतचे फोटोही पाहिले. मिरकरवाडा बंदरावरचे फोटो चांगले आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे सगळे तू रागावूनच वाचशील. स्टॉक फोटो विकणाऱ्या एजन्सीने सगळी तुकडी परत केली आणि कारण म्हणून ‘सॉफ्ट’ आणि ‘नॉइज’ एवढे दोनच शब्द टाकले. त्यावर तुझे म्हणणे असे की, तिथे बसलेल्यांना कोकणातला पहाटेचा उजेड काय कळणार. नसेलही कळत. पण ते कळण्यासाठी त्यांना पगार मिळत नाही. तुझा फोटो चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हताच.

माझी सगळी नोकरी छापखान्यात प्री-प्रेसला गेली. म्हणजे तू ज्या गिऱ्हाइकासाठी आता फोटो काढते आहेस, त्याच्या शेजारच्या खुर्चीत मी बसायचो. तिकडून काय दिसते ते ऐक. मासिकाची किंवा जाहिरातीची चित्रे निवडणारा माणूस स्क्रीनवर बोटभर आकाराची चित्रे शेकड्याने चाळतो. एखादे मोठे करून पाहिले तर त्यावर आडवातिडवा वॉटरमार्क. एवढ्याशा आकारात कुठलाही फोटो धारदारच दिसतो. पसंत पडला की तो पैसे भरतो, आणि मूळ फाइल त्याच्या हाती पडते ती त्यानंतर. ती पानभर पसरली की मग कळते की फोकस डोळ्यांवर नाही, कानावर आहे. तोवर पान लागलेले असते आणि रात्रीचे दहा वाजलेले असतात. रत्नागिरीच्या मुलीला वेगळे काय सांगू? आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून पैसे द्यायचे आणि खालचा थर घरी जाऊन उघडायचा, असा हा व्यवहार. एजन्सीतला तपासनीस त्या गिऱ्हाइकाच्या वतीने आधीच खालचा थर उघडून बघतो. बस, एवढेच.

अलामीचे तर काम याच तत्त्वावर चालते. १९९९ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली ही एजन्सी. चित्र सुंदर आहे का, विकले जाईल का, याच्या फंदात ती पडत नाही; फक्त तांत्रिक बाजू बघते. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक यांच्याकडे ‘असले आमच्याकडे ढीगभर आहेत’ म्हणूनही चित्र परत येऊ शकते. अलामीकडे नवख्याने आधी तीनच चित्रे पाठवायची. त्यातले एक नापास झाले की तिन्ही नापास. पुढेही तोच खाक्या. सगळी चित्रे ते उघडतातच असे नाही, काही वानगीदाखल बघतात, आणि त्यात एक खराब निघाले की त्या वेळी तपासणीच्या रांगेत असलेली तुझी सगळी चित्रे परत. तुला हा अन्याय वाटेल. मला ही पद्धत मनापासून पटते. जिथे एकेक चित्र वेगळे तपासतात, तिथे माणसाला ‘टाकून तर बघू’ची सवय लागते आणि निवडीचे काम तो परक्यावर ढकलतो. इथे मात्र एका आळशी फोटोपायी चांगले चाळीस अडकतात, म्हणून पाठवणाराच कडक होतो. तू पहिल्यांदा अलामीकडेच पाठव.

आकाराचा तुझा घोळ आधी निस्तरतो. ‘माझी फाइल नऊ एमबीची आहे आणि अलामीवाले सतरा मागतात’ असे तू लिहिलेस. ते सतरा एमबी उघडलेल्या चित्राचे. जेपेग ही दाबून भरलेली फाइल. उघडली की प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट लागतात. साठ लाख पिक्सेल म्हणजे एक कोटी ऐंशी लाख बाइट, साधारण १७ एमबी. म्हणजे त्यांची अट सहा मेगापिक्सेलची. शटरस्टॉक आणि अडोबीची तर चारचीच. तुझा कॅमेरा चोवीसचा. उघडल्यावर त्याचे चित्र ६९ एमबीच्या आसपास जाते, म्हणजे क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्शापर्यंत कापलेस तरी तू अटीत बसतेस. छपाईच्या हिशेबात सांगायचे तर ३००० × २००० पिक्सेलचे चित्र इंचाला ३०० ठिपक्यांनी दहा इंच रुंद छापले जाते. ए-फोर पान काठोकाठ भरायचे तर ३५०८ × २४८० लागतात. ही अट तपासणाऱ्याच्या लहरीतून आलेली नाही, कागदाच्या मापातून आली आहे. पूर्वी अलामी ४८ एमबी मागायची, तेव्हा लोक लहान चित्रे सॉफ्टवेअरने फुगवून पाठवत. आता फुगवू नकोस. उलट जरासा मऊ फोटो लहान करून पाठवलास तर तो आपोआप धारदार होतो, आणि त्यात लबाडी काहीच नाही. गिऱ्हाइकाला जे मोजून दिलेस ते खरे आहे. हललेला फोटो मात्र लहान करूनही हललेलाच राहतो.

आता तुझे फोटो. मी ते शंभर टक्क्यांवर बघितले, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. तू ते कधीच केले नाहीस, अशी माझी दाट शंका आहे. फोटो स्क्रीनभर बसवून बघणे म्हणजे बघणे नव्हे. तुझ्या नव्या लॅपटॉपची स्क्रीन फार बारीक पिक्सेलची असेल तर दोनशेवर बघ. आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकत जा.

जाळे दुरुस्त करणाऱ्या आजोबांचा फोटो मला सगळ्यांत आवडला आणि तोच नापासाचा धनी. कॅमेऱ्याने फोकस धरला आहे पुढच्या जाळ्यावर, चेहरा बोटभर मागे राहिला आहे. कॅमेऱ्याला स्वतः बिंदू निवडू देऊ नकोस, जवळचे जे दिसेल ते तो धरतो. लिलावाचा फोटो उजाडण्याआधीचा. आयएसओ ६४००, आणि वर रॉ फाइलमध्ये सावल्या उपसून काढल्या आहेस. सावलीत माहितीच कमी असते. उपसली की हाती लागतो तो निळा-तांबडा कचरा. मग तो झाकायला तू नॉइज घालवणारे सॉफ्टवेअर फिरवलेस आणि टोपलीतले बांगडे प्लॅस्टिकचे झाले. खवल्यांचा पोत गेला, पाठीवरचे पट्टे मेणासारखे पुसट झाले. तपासणाऱ्याला हे दाणेदारपणापेक्षा जास्त खुपते, आणि मलाही. काढतानाच उजेड थोडा जास्त घे, काळे राहील ते काळे राहू दे. पहाटेचा बंदराचा धक्का दुपारसारखा दिसावा अशी अपेक्षा कोणाचीच नाही.

भाट्याच्या किनाऱ्यावरच्या माडांच्या झावळ्या उजळ आभाळावर आल्या आहेत. प्रत्येक पातीला एका बाजूने जांभळी, दुसऱ्या बाजूने हिरवी कड. ही लेन्सची खोड आहे. रॉ उघडताना दुरुस्तीची एक खूण करायची असते, ती राहिली. शिवाय त्याच आभाळात सेन्सरवरच्या धुळीचे राखी ठिपके आहेत. मी सहा मोजले. तू एफ/१६ वर काढलेस म्हणून ते उठून दिसले. एफ/४ ला तेच विरघळून गेले असते. एफ/२२ वर नुसत्या आभाळाचा एक फोटो काढ आणि कॉन्ट्रास्ट वाढवून बघ, सगळी धूळ हजेरी लावेल. सेन्सर साफ कर, आणि निसर्गचित्राला एफ/८ पुरेसा असतो. छिद्र फार बारीक केले की प्रकाश कडांवर फाकतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. शार्पनिंग करून त्या मऊपणाची भरपाई होत नाही, कडेला पांढरी रेघ तेवढी उमटते.

एवढे सांभाळलेस की तांत्रिक तपासणी तू सहज पार करशील. ती अवघड नाही, कंटाळवाणी आहे. पण फोटो शोधला आणि विकला जातो तो सोबतच्या मजकुरावर, आणि तिथे तुझ्या हाती असे काही आहे जे लंडनहून आलेल्या फोटोग्राफरकडे नाही. ते तू वाया घालवलेस! कीवर्डची मर्यादा शटरस्टॉकला पन्नास, अडोबीला एकोणपन्नास, म्हणून तू पन्नासही भरलेस: ‘सुंदर’, ‘प्रवास’, ‘आशिया’. रत्नागिरीच्या फोटोला ‘गोवा’ही लावलेस, याबद्दल तुझ्याशी समोर बसून बोलेन. मासा कुठला? बांगडा. मग त्याचे शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता हे लिही. पाठ्यपुस्तकवाला त्याच नावाने शोधतो. पापलेटचा फोटो असेल तर २०२३ मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, हे कॅप्शनमध्ये आलेच पाहिजे. किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या होड्यांच्या फोटोखाली तू नुसते ‘होड्या’ लिहिलेस. फोटो जूनचा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, हा प्रजननाचा काळ म्हणून. हे लिहिलेस तर तो फोटो मत्स्यधोरणावरच्या लेखाला लागतो, नाहीतर होड्यांचे फोटो जगात काय कमी आहेत?

हक्कांचा भाग थोडक्यात. लिलावातल्या बायकांचे चेहरे ओळखू येतात. त्यांच्या सहीचे मॉडेल रिलीज नसेल तर फोटो संपादकीय वापरापुरताच दे, जाहिरातीला नाही. पाठमोरी माणसे, नुसते हात, हेही अलामी माणसांत मोजते, तो आकडा खरा भर. होडीवरचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनावरचे कंपनीचे नाव जाहिरातीच्या फोटोत पुसावे लागते. संपादकीय फोटोत पुसलेस तर तोच दोष. धुळीचा ठिपका काढ, होडीचा नंबर नको. मुंबईचा तो ताजमहाल हॉटेलचा फोटोही संपादकीयच ठेव. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा फोटो काढायला हरकत नाही, पण २०१७ मध्ये त्या हॉटेलने आपल्या इमारतीच्या रूपाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करून घेतली आहे. भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्रांना कायद्यातली ही सवलत लागू नाही, तेव्हा नुसत्या भित्तिचित्राचा फोटो बाजूला ठेव.

पहिल्या तीन चित्रांत कलाकारी नको. जांभ्याच्या गडग्यावर तिरपे ऊन पडलेला फोटो धाड. तो कोपऱ्यापर्यंत धारदार आहे. वाळत घातलेल्या बोंबलांचा भर दुपारचा धाड. तिसरा जूनमधल्या होड्यांचा, उजवीकडचा धुळीचा ठिपका काढून. आजोबा पुढच्या खेपेला. त्यांच्याकडे पुन्हा जा, ते काही जाळे सोडून कुठे जात नाहीत.

आणि आबांच्या निगेटिव्हचा डबा दादाला माळ्यावर टाकू देऊ नकोस. जुन्या ऐतिहासिक चित्रांसाठी अलामीकडे वेगळी वाट आहे, तिथे ही तांत्रिक कसोटी एवढी कडक नसते. गणपतीत येईन तेव्हा मी स्कॅन करून देतो. तिन्ही फाइली पाठवण्याआधी मला एकदा दाखव, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ते चित्र दाबून टाकते. ड्राइव्हवर ठेव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका