थकव्याचे वजन

"कमी खा, जास्त चाला," इतके सोपे गणित आमच्या डॉक्टरांनी मांडले. रक्तातली साखर सीमेवर येऊन उभी होती आणि वडिलांना पन्नाशीतच मधुमेहाने गाठले होते, तेव्हा मामला चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

मी सोमवारी कंबर कसली. म्हणजे कंबर जितकी कसता येईल तितकी! पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या तीनदा, दुपारी काकडी आणि अर्धी भाकरी, रात्री मुगाचे कढण. आठवड्यात काटा दोन किलो उतरला. मी बिऱ्हाडाबिऱ्हाडांत पेढे वाटले आणि स्वतः वासावर भागवले.

पुढच्या आठवड्यात पर्वतीच्या पायऱ्या कुणीतरी वाढवल्या. कचेरीत फाईल उघडली की डोळे मिटत. "चहा ठेवू का?" एवढे हिने विचारले तरी मी खेकसे. एका संध्याकाळी धाकटी लेक ससा-कासवाची गोष्ट सांगायला मांडीवर बसली. ससा झाडाखाली पोचायच्या आत मी घोरत होतो. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, बाबा बारीक झाले की परत माझ्याशी बोलतील ना गं?"

मी तसाच डॉक्टरांकडे गेलो.

"पेढ्यांची घाई केलीत," ते म्हणाले. "एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ती आठवड्यात अशी जात नाही. गेलं ते बरंचसं पाणी. अहो, शरीराला उपाशी ठेवून राबवलंत तर ते थकणारच, वर स्नायूही मोडून खाईल. रोजच्यातल्या पाचशेच कॅलरी कमी करा. वरण, उसळ, दही पोटभर घ्या. चढायच्या आधी अर्धं केळं, आठवड्यातून दोन दिवस सुट्टी आणि रात्री सात तास झोप. चढताना दोन वाक्यं धड बोलता आली पाहिजेत; नाही आली, तर वेग कमी करा. आणि चक्कर आली तर खाली बसा, पर्वती कुठे पळून जात नाही."

आता रविवारी लेक बरोबर येते. ती गोष्ट सांगते, मी मधूनमधून "मग काय झालं?" म्हणतो. प्रश्न पुरा झाला नाही, तर दोघेही पायरीवर टेकतो. वजन महिन्याला किलो-दीड किलोनेच उतरते आहे, पण परवा मी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. कासव जिंकले म्हणे!

मधल्या काळात ससा कुठे झोपला होता, हे मात्र मी तिला विचारले नाही.