एप्रिल महिन्यातली खिडकी



यंदाचा चैत्र मी न्यू जर्सीत, मुलाकडे काढला. तिकडे तुमचं कैरीचं पन्हं चालू होतं, तेव्हा मी दोन स्वेटर, त्यावर सुनेचं जाड जॅकेट आणि पायांत लोकरी मोजे घालून मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसत होते. कारण माझी पंधरा वर्षांची नात यंदा पंच झाली आहे. बेसबॉलची अंपायर. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत ती निवाडा देते आणि त्याचे तिला थोडे पैसेही मिळतात.

पंच म्हटलं की मला आमच्याकडचे समाजाचे पंच आठवतात. माझे सासरे त्यांच्यापैकी एक होते. भावकीचा तंटा असो की मंदिराच्या हिशेबाचा, त्यांच्यासमोर कोणी आवाज चढवत नसे (घरी गेल्यावर काय बोलत ते सोडा). इथे मात्र पंधरा वर्षांच्या पोरीसमोर चाळिशीचे बाप आवाज चढवतात. त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी खेळ थोडा सांगते, कारण क्रिकेटवरून अंदाज बांधलात तर गोंधळ होईल.

फेकणारा तो पिचर, मारणारा तो बॅटर. बॅटरच्या मागे कॅचर उकिडवा बसतो आणि त्याच्या खांद्यामागे वाकून अंपायर उभा राहतो. म्हणजे प्रत्येक चेंडू सरळ अंपायरच्या तोंडावर येतो. म्हणून जाळीचा मुखवटा, छातीला कवच, नडग्यांना ढाली. बॅटरच्या पुढ्यात जमिनीत पांढऱ्या रबराची पाचकोनी प्लेट असते, १७ इंच रुंद. रुंदीला ती प्लेट आणि उंचीला, मुलांच्या नियमांत, काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत, अशी हवेत एक खिडकी धरायची. चेंडू खिडकीतून गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर त्याला नुसतं 'बॉल' म्हणतात. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की तो फुकटात चालत पहिल्या बेसवर.

ही खिडकी कोणाला दिसत नाही. ती फक्त अंपायरच्या डोळ्यांत असते, आणि बुटका मुलगा गेला, उंच आला की तीही बदलते. एका सामन्यात असे दीड-दोनशे चेंडू तिच्यासमोरून जातात. डाव्या हातात चाकं फिरवायचं एक लहानसं यंत्र असतं, त्यावर बॉल, स्ट्राइक आणि बाद यांचा हिशेब. मला ते फार आवडलं. आमच्या वेळी कॅशियरच्या हातात असं काही असतं तर!

या देशात गावोगाव मुलांचे हे सामने चालतात. लिटल लीग नावाची संस्था १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली, आणि तेव्हापासून सगळा डोलारा पालकांच्या व स्वयंसेवकांच्या जिवावर उभा आहे. अंपायर मिळत नाहीत ही सगळीकडची ओरड. का मिळत नाहीत, ते मी पाहिलं.

हंगामाची सुरुवात एप्रिलमध्ये होते. मुलांनी हिवाळाभर मैदान पाहिलेलं नसतं. बोटं गारठलेली, वारा कानात शिरणारा. पिचर बिचारा जीव लावून फेकतो आणि चेंडू कधी बॅटरच्या डोक्यावरून जातो, कधी प्लेटच्या आधीच मातीत आपटतो. पहिल्या सामन्यात मी सवयीने वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. एका डावात सात मुलं चालत बेसवर गेली. बॅटला चेंडू लागला दोनदा. मागे उभी असलेली मुलं गवत उपटत होती, एक तर चक्क हातमोजा डोक्यावर घालून आकाश बघत होता. नात पुस्तकाप्रमाणे बरोबर निवाडा देत होती आणि खेळ मात्र होत नव्हता.

सामन्यानंतर तिथले एक वयस्कर अंपायर तिच्याजवळ आले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, या मैदानावर सगळे त्यांना ओळखतात. ते म्हणाले, एप्रिलमध्ये खिडकी थोडी मोठी करायची. प्लेटच्या दोन्ही कडांना एकेक चेंडूची रुंदी जास्त द्यायची. मग मुलांना कळतं की नुसतं उभं राहून चालणार नाही. ती बॅट फिरवतात, पळतात, अंग गरम होतं. मे महिना आला, पिचरचा हात बसला, की खिडकी हळूहळू पूर्ववत करायची.

घरी येताना नात गप्प होती. रात्री झोपायच्या आधी माझ्या पांघरुणात शिरून म्हणाली, "आजी, बाहेरून गेलेल्या चेंडूला स्ट्राइक म्हणणं म्हणजे खोटंच ना? पाठशाळेत तर सत्य शिकवतात."

मुलगा म्हणाला, व्यवहारात एवढं चालतं. मला ते उत्तर पटलं नाही. "चालतं" म्हणून शिकवलेल्या गोष्टी पुढे कुठवर चालतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण नियमाचं पुस्तक धरून नऊ वर्षांच्या मुलांना दोन तास थंडीत उभं करणं, यातही मला धर्म दिसेना. सत्य बोलायचं ते हित-मित-प्रिय, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हित कोणाचं, हा प्रश्न इथे खरोखरच समोर उभा होता.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मला आठवलं ते मात्र शास्त्र नव्हे, बी.कॉम.चं पहिलं वर्ष. वर्षअखेरीचा माल शिल्लक आहे, त्याची किंमत कशी लावायची? पद्धती दोन-तीन आहेत, आणि प्रत्येकीने नफा वेगळा निघतो. मग खरा नफा कोणता? आमचे सर सांगत, मान्य पद्धतींतली कोणतीही धरा, पण कोणती धरली ते हिशेबात उघड लिहा, आणि मधेच सोयीप्रमाणे बदलू नका. सातत्याचा संकेत आणि प्रकटीकरण. परीक्षेत पाच-पाच मार्कांना हमखास येणारे प्रश्न. मी नातीला म्हटलं, तू खिडकी मोठी करणार असशील तर सामन्याआधी दोन्ही बाजूंना सांग. आणि मग पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत दोघांना तीच दे. लपवलंस तर खोटं. एकाला दिलंस आणि दुसऱ्याला नाही, तर त्याहून वाईट.

ते टपालवाले आजोबाही नेमकं हेच करतात, असं तिला नंतर कळलं. सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षक आणि अंपायर प्लेटपाशी जमतात, तिथे ते मोकळेपणाने सांगून टाकतात. नियमाच्या पुस्तकात अशी सवलत कुठे लिहिलेली नाही, हेही खरं. कडक अंपायर असतात, ते एप्रिल असो की जून, पुस्तकाबाहेर जात नाहीत. मी त्यांना चूक म्हणणार नाही.

आजोबांनी तिला आणखी एक शिकवलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. नवीन अंपायर घाई करतो. चेंडू अजून हातमोज्यात पोचलेला नसतो आणि तोंडातून शब्द निघून जातो. हिवाळ्यात अंपायरच्या डोळ्यांनाही गंज चढलेला असतो, त्यात ही घाई. तेव्हा डोकं हलवायचं नाही, फक्त डोळ्यांनी चेंडू मोज्यापर्यंत पोचवायचा, मनात एक क्षण थांबायचं, आणि मग बोलायचं. स्ट्राइक असेल तर उजवा हात वर करून खणखणीत आवाजात. बॉल असेल तर हात न हलवता. नात घरात आरशासमोर सराव करायची. "स्ट्राइक!" असं ती स्वयंपाकघराच्या दारात ओरडली की माझ्या हातून लाटणं पडायचं.

तिसऱ्या सामन्यात ते झालं. संध्याकाळी पावणेसहाची वेळ. सूर्यास्त इथे तेव्हा साडेसातच्या सुमारास, म्हणून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात उकळलेलं पाणी घेऊन गेले होते. तिने सामन्याआधीच उभ्याने दोन दशम्या खाल्ल्या. चौथ्या डावात तिन्ही बेस भरलेले, दोन गडी बाद, बॅटरचे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. पुढच्या एका शब्दावर सगळं. चेंडू आला, बाहेरच्या कडेने. पोराने बॅट हलवली नाही. क्षणभर शांतता. आणि मग नातीचा उजवा हात वर.

पोरगा रडायला लागला. त्याचा बाप जाळीपाशी आला आणि जे ओरडला ते मी इथे लिहीत नाही. डोळे तपासून घे, हे त्यातलं सगळ्यांत सौम्य. मी उठले, तशी सूनबाईने माझ्या पदराचं टोक धरलं. "आई, बसा. तिचं तिला करू द्या." सुनेचा स्वतःचा हात थरथरत होता.

नातीने मुखवटा काढला. खेळ थांबवला. बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्या संघाच्या प्रशिक्षकाकडे चालत गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. पद्धतच अशी आहे म्हणे, प्रेक्षकाशी अंपायरने बोलायचं नाही, त्यांची जबाबदारी प्रशिक्षकाची. तो जाळीपाशी गेला, त्या गृहस्थांना बाजूला घेऊन गेला. नात परत आली, खिशातला ब्रश काढून प्लेट पुसू लागली. प्लेट पुसताना अंपायर मैदानाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून वाकतो, लोकांना पाठ दाखवणं असभ्य दिसतं म्हणून. त्या माणसाच्या समोर ती अशी वाकली, तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं.

गाडीत तिने विचारलं, "आजी, तो बाहेर होता ना?"

मी सांगितलं, मी कडेला बसले होते. कडेने चेंडू वर होता की खाली ते कळतं, आत होता की बाहेर ते कळत नाही. ते मागून उभं राहणाऱ्यालाच दिसतं. तो बापही कडेच्याच बाकावर होता.

"चेंडूभर बाहेर होता," ती म्हणाली. "पण दुसऱ्या डावात तसाच चेंडू मी दुसऱ्या संघाच्या मुलाला स्ट्राइक दिला होता. मग याला कसा सोडू?" आणि त्यानंतर ती रडली. मी तिचं रडणं थांबवलं नाही.

घरी मुलाचं म्हणणं पडलं, पुरे झालं, अभ्यास कर. सून म्हणाली, तिला ठरवू दे. दोन दिवस घरात याच्याशिवाय विषय नव्हता. मला विचाराल तर मन दोन्हीकडे ओढत होतं. लहान पोरीने परक्याच्या शिव्या का खाव्यात? आणि मान्यच करायचं झालं तर ती सोडून तिथे उभं राहणार तरी कोण?

त्या दोन दिवसांत नातीने मला दोन बायकांची गोष्ट सांगितली. बर्निस गेरा नावाची न्यूयॉर्कची एक गृहिणी होती, तुमच्या-माझ्यासारखी. तिला व्यावसायिक बेसबॉलमध्ये अंपायर व्हायचं होतं. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी केली, शेवटी १९७२ मध्ये एका छोट्या लीगचा एक सामना मिळाला. त्यात वाद झाला, आणि त्या एका सामन्यानंतर ती मैदान सोडून गेली ती गेलीच. मोठ्या लीगमध्ये नेहमीच्या हंगामातल्या सामन्यात पहिली बाई अंपायर उभी राहायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. तिचं नाव जेन पावोल, आणि ती इथलीच, न्यू जर्सीची. मधे त्रेपन्न वर्षं. मी मनात वजाबाकी केली आणि जरा वेळ काही बोलले नाही.

मुलाने तिला वेगळी गोष्ट दाखवली, संगणकावर. २ जून २०१०, डेट्रॉइट. गालारागा नावाचा पिचर. सव्वीस बॅटर ओळीने बाद, एकही बेसवर पोचलेला नाही. सत्ताविसावा बाद झाला की परफेक्ट गेम, जो कित्येक पिचरना आयुष्यात मिळत नाही. सत्ताविसावाही बादच होता, पण पहिल्या बेसचे अंपायर जिम जॉइस यांनी नाबाद दिला. सामन्यानंतर चित्रफीत पाहिली आणि त्यांनी त्या पिचरसमोर जाऊन स्वतःची चूक कबूल केली, माफी मागितली. निकाल काही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी संघाची यादी अंपायरच्या हातात द्यायला गालारागा स्वतः आला. जॉइस प्लेटपाशी उभे, डोळे पुसत. आपल्याकडे क्षमावाणीला हात जोडतो तेव्हा समोरचा बहुतेक वेळा घरचाच असतो. इथे हजारो लोक बघत होते.

एक गोष्ट राहिली. बेसबॉलच्या चेंडूला चामडं असतं, गाईचं. हा प्रश्न नातीने मला विचारायच्या आधीच स्वतःला विचारला होता. मुखवट्याची गादी आणि बूट तिने शोधून कृत्रिम घेतले. लहान मुलांसाठी कृत्रिम आवरणाचे चेंडूही निघतात, ते वापरा असं तिने संयोजकांना सुचवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर चेंडू हाताळावेच लागतात. घरी आली की हात-पाय धुते, कपडे बदलते आणि मगच स्वयंपाकघरात येते. मी यावर तिला काही बोललेले नाही.

गुरुवारी रात्री संयोजकांचा निरोप आला, शनिवारी दोन सामने, येणार का? त्यातला एक त्याच संघाचा. तिने बापाला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. "येते" असं कळवून टाकलं आणि मला येऊन सांगितलं की दशम्या चार लागतील.

तिच्या कमरेच्या चेंडूंच्या पिशवीचा बंद उसवला आहे. तो तेवढा आता शिवून ठेवते.