तिसरी प्रत

सीमेलगतच्या डोंगरात जायच्या आदल्या रात्री मी एक कागद लिहितो. हातानं लिहितो, मध्ये कार्बन घालून, तीन प्रतींत. सॅक भरून भिंतीला टेकलेल्या असतात, गटातली मंडळी झोपलेली असतात आणि मी बॉलपेन दाबून दाबून लिहीत बसतो, कारण तिसऱ्या प्रतीवर अक्षर उमटायला जोर लागतो. पहिली प्रत घरी फोटो काढून जाते, दुसरी माझ्या खिशात राहते. तिसरी कुणासाठी, हे मला फार उशिरा कळलं.

पंचवीसेक वर्षं मी लोकांना डोंगरात नेतो आहे. दोर, काठ्या, औषधांची पेटी, बर्फावर घसरू नये म्हणून बुटाला बांधायचे काटे, हे सगळं मी नीट तपासून घेतो. पण हिमालयाच्या सीमाभागात जाताना मला सर्वांत आधी आठवतो तो हा कागद.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्याची गरज सहज पटत नाही. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. घाटमाथ्यावर कुठेही हाक मारली तर खालच्या वाडीतलं कुत्रं भुंकतं. वाट चुकली तर गुराखी भेटतो, 'कुठून आलात पाव्हणं?' म्हणून विचारतो आणि दोन टेपाडं सोबत चालून पायवाटेला लावून देतो. कुणी कड्यात अडकलं तर लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची पोरं रात्रीअपरात्री दोर खांद्यावर टाकून निघतात. सह्याद्रीतही माणसं दगावतात, पण तिथे माणसाला माणसाची चाहूल असते.

उत्तरकाशीतल्या हर्षिलहून लमखागा खिंड ओलांडून किन्नौरमधल्या चितकुलला उतरणाऱ्या वाटेवर ही चाहूल दुसऱ्याच दिवशी संपते. खिंड सव्वापाच हजार मीटरांच्या वर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. बाजूच्या डोंगररांगांपलीकडे तिबेट आहे. नकाशावर ठसठशीत दिसणारी सीमेची रेघ जमिनीवर कुठेच दिसत नाही. दगड तेच, बर्फ तेच, नाले एकमेकांसारखे. धुक्यात एक नाला चुकला की माणूस भलत्याच खोऱ्यात उतरतो, आणि इथे भलतं खोरं म्हणजे कधी कधी भलता देश.

या दऱ्या मुळात निर्मनुष्य नव्हत्या. हर्षिलच्या वरच्या अंगाला नेलांग आणि जाडुंग ही नांदती गावं होती, तिबेटशी व्यापार होता, मेंढ्यांच्या पाठीवर मीठ-लोकर यायची. १९६२ च्या युद्धात ही गावं रिकामी केली गेली आणि तिथली माणसं खाली बगोरीत येऊन राहिली. सीमाभागातल्या डोंगराचा पहिला धोका मला इथे दिसतो. ज्या वाटांवर कधी काळी वाटसरूला ओळखणारी माणसं होती, त्या वाटा आता ओळखणाऱ्यांशिवाय उरल्या आहेत. उरले आहेत ते चौकीतले जवान आणि उन्हाळ्यात वर चढणारे मेंढपाळ.

मोबाइलला रेंज नसते. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं बाळगल्याबद्दलही परदेशी गिर्यारोहकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. सीमेवरच्या सुरक्षेचा विचार करता मला हा कायदा समजतो. पण त्याचा अर्थ असा की पाय मोडला तर खबर पायांनीच खाली न्यावी लागते. हेलिकॉप्टर यायचं तर बहुतेकदा हवाई दलाचंच येतं. त्याला धुकं चालत नाही, अंधार चालत नाही, आणि विरळ हवेत त्याला फार वजन उचलता येत नाही. शिवाय कुठे उडायचं हे तरी त्याला कुणी सांगायला हवं.

म्हणून हा कागद. त्यात चार रकाने असतात.

पहिला रकाना माणसांचा. नाव, वय, रक्तगट, चालू असलेली औषधं, घरचा फोन. सोबत ओळखपत्र आणि इनर लाइन परवान्याच्या प्रती. परवान्यांचा आणि चौक्यांवरच्या तपासणीचा आमच्या मंडळींना फार कंटाळा येतो. 'आपल्याच देशात फिरायला कागद कशाला?' हे वाक्य मी दर वेळी ऐकतो. चितकुलच्या पुढे नागस्तीला भारत-तिबेट सीमा पोलिसांची चौकी आहे. तिथला जवान जाड वही उघडतो, आपली नावं एकेक करून उतरवून घेतो, चेहऱ्याकडे पाहतो, माणसं मोजतो. थंडीनं त्याचं पेन अडखळतं, तो ते तळव्यांत चोळून गरम करतो आणि पुन्हा लिहायला घेतो. त्या क्षणापासून या अफाट पसाऱ्यात आपण कुणाच्या तरी हिशेबात आलेलो असतो. मी गटाला सांगतो, तो लिहीत असताना गप्पा मारू नका.

दुसरा रकाना वाटेचा. कुठे मुक्काम, कुठला नाला कधी ओलांडायचा. बर्फाच्या पाण्याचे नाले पहाटे पोटरीएवढे असतात, ऊन चढलं की दुपारी कमरेपर्यंत फुगतात. बर्फाचे पूल सकाळी दगडासारखे कडक, दुपारी भुसभुशीत. म्हणून मोठा नाला सकाळीच ओलांडायचा, असं नावानिशी लिहून ठेवतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरांहून जास्त वाढू द्यायची नाही, तेही यात येतं. आणि वाट सोडायची नाही. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेच्या बाजूला तर मळलेली वाट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. तिथे पेरलेले सुरुंग बर्फ आणि पावसाच्या पाण्याबरोबर जागा बदलतात.

वाटेत भेटणाऱ्या मेंढपाळांशी मी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नाही. किती जण आहोत, कुठे चाललो आहोत, ते सांगतो. १९९९ साली कारगिलमध्ये घुसखोरीची सुरुवातीची खबर सैन्याला दिली ती हरवलेला याक शोधायला वर गेलेल्या ताशी नामग्याल या मेंढपाळानं. डोंगरात काय नवं आहे आणि काय नाहीसं झालं आहे, हे या माणसांच्या नजरेतून सुटत नाही. आपण आल्याचं ज्यानं पाहिलं, त्यालाच आपण परतलो नाही हेही जाणवेल.

तिसरा रकाना वळायच्या वेळेचा. खिंडीच्या दिवशी किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे फिरायचं. ही वेळ खाली, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना ठरवायची, कारण वर विरळ हवेत माथा दिसत असताना माणूस स्वतःशीही खोटं बोलतो. आणि ती मनगटी घड्याळावर पाहायची. सिंगालिलाच्या डोंगररांगेवर भारत-नेपाळ सीमेवरून वाट जाते. तिथे संदकफूजवळ माझ्या फोननं नेपाळचं नेटवर्क धरलं आणि घड्याळ गुपचूप पंधरा मिनिटं पुढे गेलं. तिथे काही बिघडलं नाही, पण तेव्हापासून वेळेच्या बाबतीत मी फोनवर विसंबत नाही.

वळायची वेळ घड्याळाआधीही येऊ शकते. कुणी एका रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालू शकत नसेल, कुणाची जीभ जड झाली असेल, बोटांना जाकिटाची चेन लावता येत नसेल, तर तीच वळायची वेळ. आकाशाचंही तसंच. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ ला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ओलाव्यानं नेपाळमध्ये थोरोंग ला खिंडीच्या परिसरात हिमवादळ आलं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. बंगालच्या उपसागरातली बातमी हिमालयातल्या माणसानं ऐकायची असते, ती यासाठी.

चौथा रकाना मी पूर्वी लिहीत नव्हतो, आणि कागदाच्या प्रतीही दोनच असायच्या. ते बदललं लमखागाच्याच वाटेवर, एका सप्टेंबरात.

आम्ही नऊ जण हर्षिलहून निघालो होतो. वाटाड्या चितकुलचा, शांत स्वभावाचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आठव्या दिवशी पलीकडे राणीकंडाच्या कुरणात त्याचा धाकटा भाऊ आणि गावातला आणखी एक जण खेचरं आणि शिधा घेऊन आमची वाट पाहणार होते. सहाव्या रात्री खिंडीखालच्या तळावर बर्फ सुरू झालं. सकाळी तंबूचं दार उघडलं तर बाहेर गुडघाभर बर्फ आणि दहा पावलांपलीकडे नुसता पांढरेपणा. वाटाड्या माझ्याकडे बघून म्हणाला, "वापस." मी लगेच हो म्हणालो. तो निर्णय बरोबर होता, आजही मला तसंच वाटतं.

सातव्या दिवशी संध्याकाळी आम्ही क्यारकोटीला उतरलो. आठव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. तंबू ओले, झोपायच्या पिशव्या ओल्या, माणसं थकलेली. मी म्हणालो, आज इथेच थांबू, सगळं वाळवू. वाटाड्यानं विचारलं, "एक आदमी नीचे भेज दें?" मी म्हणालो, उद्या सगळे जातोच आहोत की. तो काही बोलला नाही. दिवसभर आम्ही गवतावर लोळलो, खिचडी केली, कुणीतरी गाणी म्हटली. धोका टळला होता, सगळे सुखरूप होते. पण आम्ही सुखरूप आहोत हे फक्त आम्हालाच ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी खिंडीच्या पलीकडे दोन माणसं अंधार पडेपर्यंत वरच्या वाटेकडे बघत बसली होती. खिंडीवर बर्फ पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. नवव्या दिवशी पहाटे त्यांनी चौकीवर सांगितलं आणि ते वर निघाले, पाठोपाठ जवानही निघाले. आम्ही हर्षिलला पोहोचलो नवव्या दिवशी संध्याकाळी. फोन लागला, पण तोवर ते सगळे रेंजच्या बाहेर, बर्फात होते. त्यांना गाठून परत फिरवायला आणखी दीड दिवस गेला. आम्ही एक दिवस न थांबतो, किंवा एक माणूस आधी पाठवतो, तर कुणालाच वर जावं लागलं नसतं.

मी गाडीनं वळसा घालून चितकुलला गेलो. धाकटा भाऊ घरात चुलीजवळ बसला होता. डोळ्यांवर चहाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बांधलेलं होतं. बर्फावरच्या उन्हानं त्याचे डोळे गेले होते. दोघांत एकच काळा चष्मा होता आणि तो त्यानं सोबत्याला दिला होता. फडकं काढलं तेव्हा डोळे लाल, सुजलेले, पाणी थांबत नव्हतं. दोन-तीन दिवसांत दृष्टी परत आली. पण मी पोहोचलो त्या दुपारी त्याला मी दिसत नव्हतो, त्यानं नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, "सब ठीक हैं न?"

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये याच वाटेवर एक गट हिमवृष्टीत सापडला. १९ तारखेला ते चितकुलला पोहोचायचे होते. पोहोचले नाहीत म्हणून शोध सुरू झाला, हवाई दलाची हेलिकॉप्टरं गेली. काही जण जिवंत सापडले, बऱ्याच जणांचे मृतदेह आले. ती बातमी वाचताना माझी नजर त्या तारखेवर खिळली. शोध कुठून सुरू होतो? कुणीतरी कुणाला तरी सांगितलेल्या एका तारखेपासून. ती तारीख नसेल तर जिवंत माणसापर्यंतही कुणी पोहोचत नाही. आणि ती खोटी पडली, आपण वेळेत कळवलं नाही, तर दुसऱ्याचे पाय विनाकारण बर्फात पडतात.

म्हणून चौथा रकाना. 'शोधायला कधी निघायचं', दिवस आणि तास घालून. त्याखाली एक ओळ: 'मागे फिरलो तर खबर घेऊन कोण जाईल, कुठे.' त्या माणसाचं नाव निघण्याआधी ठरतं. तो गटातला सर्वांत चपळ असतो, आणि गट वळला की तो सोबतीला एक जण घेऊन थांबा न घेता खाली जातो. मग बाकीच्यांनी खुशाल तंबू वाळवावेत.

आणि तिसरी प्रत खिंडीपलीकडच्या माणसासाठी.

पुढच्या वर्षी मी ती घेऊन आधी चितकुलला गेलो. धाकट्या भावानं मीठ-लोणी घातलेला चहा समोर ठेवला आणि कागद उजेडात धरला. नावं वाचली, मुक्काम वाचले, चौथ्या रकान्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"तारीख पक्की है?"

मी म्हणालो, पक्की. त्यानं कागदाची चौघडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग उठून खुंटीवरचे दोन काळे चष्मे मला दाखवले.