केसपेपरवरच्या तीन ओळी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना दोन भाऊ आपल्या आईला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आले. कडबाकुट्टीत वैरण सारताना तिचा उजवा हात आत ओढला गेला होता. कोपराखालचा भाग वाचण्याजोगा नव्हता. रक्तस्राव दाबून धरला, सलाइन लावले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. अपघात कोठे झाला, किती वाजता झाला आणि कोणत्या यंत्रावर कोणते काम करताना झाला, हे मी थोरल्याला विचारले. "डॉक्टरसाहेब, ते मागनं सांगतो की," तो काकुळतीने म्हणाला. मी मात्र त्याच वेळी विचारून तीन ओळी लिहिल्या.

ही सवय मला माझ्याच एका चुकीने लावली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी गुऱ्हाळावरचा एक मजूर चरकात पंजा सापडलेल्या अवस्थेत माझ्याकडे आला होता. मी केसपेपरवर 'उजव्या हाताची चिरडलेली जखम' एवढेच लिहिले. मला ते पुरेसे वाटले. रुग्णालयातील नोंदही माझ्याच चिठ्ठीवरून उतरली. पुढे मालकाने अपघात घरी घडल्याचे सांगितले. कर्मचारी नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात पंजा गमावल्यास कमाईक्षमतेची हानी 60 टक्के धरली आहे आणि दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. त्याची पत्नी दाखला मागायला आली तेव्हा ती मुदत उलटून गेली होती, आणि माझ्या कागदावर गुऱ्हाळाचा उल्लेखही नव्हता. वकिलाने दोन्ही अडचणी बोलून दाखवल्या. दावा दाखल झालाच नाही. त्या बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, हे अधिक लागले.

त्यानंतर मी थोडे वाचू लागलो. उंचावरून पडून डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये त्याची हानी शंभर टक्के मानली होती. एका हाताने सुतारकाम होत नाही, इतके सरळ त्याचे कारण. आम्ही डॉक्टर अवयवाची टक्केवारी काढतो. त्या हाताने काय काम होत होते, हे विचारायचे आम्हाला कोणी शिकवलेले नसते.

आक्कांच्या घरी हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. टाके काढायला आलो तेव्हा थोरला म्हणाला, "आई काय कमावती नव्हती. तिला कोन पैसं देनार?" दोन म्हशींची वैरण, शेण, धार, सहा माणसांच्या भाकरी, नातवंडांची शाळेची तयारी, हे सारे त्या उजव्या हातावर चालत होते. अपघातानंतर ते सुनेच्या अंगावर पडले आणि तिची शिलाईची कामे सुटली. म्हणजे घरातले रोख उत्पन्न खरोखरच घटले होते, फक्त ते आक्कांच्या नावावर दिसत नव्हते.

मी बँकेचे पासबुक मागितले. दरवर्षी मेच्या अखेरीस 20 रुपये वजा झालेले दिसत होते. "ते बँकवाले काय कापत्यात म्हाईत न्हाई," आक्का म्हणाल्या. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना होती. 18 ते 70 वयाच्या खातेदाराचा अपघातात एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास तीत 1 लाख रुपये मिळतात. दोन्ही हात वा दोन्ही पाय गेल्यास 2 लाख. कमाई किती, हे तेथे कोणी विचारत नाही. आक्कांचे वय 64.

जमीन यजमानांच्या नावे होती. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदाराबरोबर कुटुंबातील आणखी एका सदस्याचा समावेश असतो; वयोमर्यादा 10 ते 75, आणि एक अवयव गमावल्यास 1 लाखाचे साहाय्य. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत द्यायचा असतो. मला हे आठवले तेव्हा अठरावा दिवस उजाडला होता. सातबारा, वयाचा पुरावा, पोलीस पाटलांचा अहवाल, रुग्णालयाचे कागद असे सगळे धाकट्याने धावपळ करून जमवले. अहवाल लिहिताना पोलीस पाटलांनी माझ्या चिठ्ठीतली वेळ आणि यंत्राचे नाव तसेच उतरवून घेतले.

अपंगत्वाचा दाखला वैद्यकीय मंडळाकडून मिळवावा लागतो. ऑनलाइन अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. त्यात फेऱ्या होतात. 40 टक्के आणि त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनाही आहे, पण तिला उत्पन्नाची अट असल्याने आक्कांना तो मार्ग नव्हता. वाचकांपैकी कोणी नोकरदार मुलगा वा मुलगी अशा आईवडिलांना सांभाळत असेल, तर जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची, आणि अपंगत्व 80 टक्के वा अधिक असल्यास 1 लाख 25 हजारांची वजावट मिळते. हा दाखला तेथेही लागतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची पासबुके एकदा उघडून पाहा. सत्तरीनंतर ते 20 रुपयांचे कवच राहत नाही, हेही तेव्हाच कळेल.

विम्याची रक्कम चार महिन्यांनी जमा झाली. शेतकरी योजनेचा प्रस्ताव एका त्रुटीसाठी परत आला होता. तो दुरुस्त करून पुन्हा दिला आहे. मुलांना आलेल्या पैशांतून उपचाराची उसनवारी फेडायची होती. आक्कांनी निम्म्यावर हात ठेवला आणि धार काढायला गावातली एक बाई लावली. म्हशी विकणार नाही, असे त्या निक्षून म्हणाल्या. सून पुन्हा मशिनवर बसली.

बँकेत मात्र एक अडचण आलीच. आक्का उजव्या हाताने सही करीत, आणि नोंदीतली सही आता जुळणार नव्हती. नवा नमुना द्यायला सांगितले. परवा त्या तपासणीला आल्या तेव्हा माझ्या टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठीवर डाव्या हाताने नाव गिरवत बसल्या होत्या. चौथ्या खेपेला अक्षर वाचता आले. "ही चिठ्ठी नेऊ का डाक्टर, बँकेत दाखवाय?" त्यांनी विचारले.