हरिपूरच्या घाटावरून

सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता जुन्या चिंचांच्या सावलीतून जातो. त्याच्या शेवटी संगमेश्वराचे देवालय, पुढे घाट आणि वारणेला पोटात घेऊन निघालेली कृष्णा. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे गाव. व्यापारी घराण्यांना मात्र ते पेवांमुळे अधिक परिचित. येथील मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि हळद गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली.

सांगलीच्या पेठेतील हळदीचे एक वयोवृद्ध व्यापारी रोज पहाटे या वाटेने फिरावयास जातात आणि घाटावरून नदीचे एक छायाचित्र आपल्या शाळासोबत्यांना मोबाईलवर पाठवितात. कोणी पुण्यात, कोणी बेंगळूरला, एक तर थेट न्यू जर्सीत. खाली चार शब्द असतात : ‘धुके दाट. गुडघा बरा.’ ‘हळद उतरली. नातवाचा पहिला दात पडला.’ छायाचित्रे काही फारशी चांगली नसतात. क्षितिज नेहमी डावीकडे कललेले. तरी न्यू जर्सीतले मित्र ते पाहिल्याशिवाय रात्री दिवा मालवीत नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये घाट दिसेनासा झाला. मग छायाचित्रे आयर्विन पुलाजवळून येऊ लागली. १९२९ साली बांधून झालेल्या या पुलापाशी पाणी किती फूट आहे, हेच पावसाळ्यात सांगलीकरांचे पंचांग. ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. एके पहाटे छायाचित्र आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुण्याहून केलेले फोन लागेनात. तिसऱ्या दिवशी तीन वाक्ये आली : ‘सर्व जण मिरजेत भाचीकडे. वीज नाही. दुकानात पाणी.’

दुकानाचे छायाचित्र मात्र त्यांनी कधीच पाठविले नाही. मित्रांनी मागितले तरी नाही. भिजून फुगलेली पोती, भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ, काहीच नाही. आपला तोटा चारचौघांत मांडणे पेढीवर वाढलेल्या माणसाला जमत नाही, मग ते चारचौघे बालमित्र का असेनात. पुण्याचे मित्र रस्ता खुला होताच न विचारता येऊन दाखल झाले आणि गाळ निघेपर्यंत चार दिवस दुकानाच्या दारात उभे राहिले.

पाचव्या पहाटे पुन्हा घाटाचे छायाचित्र आले. क्षितिज डावीकडे कललेले, कोपऱ्यात पुण्याच्या मित्राची छत्री. खाली लिहिले होते : ‘वरच्या नऊ पायऱ्या दिसू लागल्या.’