गड न चढता भेटणारी राणी

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका म्हणजे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगड. ही नावे ऐकताच गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठांचे पाऊल मागे सरते. परंतु या अभयारण्याचे एक वैभव पायथ्याच्या झाडीतही भेटू शकते. ते म्हणजे राणी पाकोळी, अर्थात ब्लू मॉर्मन. २०१५ साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य.

मखमली काळ्या पंखांवर निळ्या रंगाची उधळण आणि पंखविस्तार सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर. त्यामुळे दृष्टी मंदावलेल्यांनाही ती दुरून ओळखता येते. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठून रतनवाडीपर्यंत वाहन जाते. अमृतेश्वर मंदिराच्या परिसरात सावलीत निवांत बसावे. पावसाळा सरता सरता, ऊन पडलेल्या सकाळी, फुलांवर किंवा ओहोळाकाठच्या ओलसर मातीवर लक्ष ठेवावे. मातीतील क्षार शोषण्यासाठी नर तेथे उतरतात.

या राणीचा संसार मात्र लिंबाच्या कुळावर उभा आहे. रानातील माकडलिंबू, परसातील लिंबू आणि पपनस यांच्या पानांवर मादी एकेक अंडे घालते. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रूंच्या नजरेतून सुटते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. हा केवळ बचाव होय. अळी चावत नाही. रानातील हे लिंबूवर्गीय झुडूप तुटले, तर फुले कितीही असोत, पुढची पिढी जन्मत नाही.

प्रवासात नेहमीची औषधे, पाणी, टोपी व काठी जवळ असावी. शेवाळलेल्या दगडांवर ज्येष्ठांचा हात धरावा.

ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी खिडकीशी लिंबाचे रोप ठेवावे. त्यावर राणी येईलच असे नाही. तिचे भाईबंद असलेले लिंबाचे फुलपाखरू मात्र शहरातही येते. कुरतडलेली पाने दिसताच विषारी फवारणी करू नये. ती अळीला मारते आणि घरातील दमेकऱ्यालाही त्रास देते. रोज सकाळी आजी-आजोबांनी अळी किती वाढली ते पाहावे व नातवंडांना सांगावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही मग उद्याची वाट पाहण्यास एक कारण मिळते.